घरचा सडवा

भंडारा जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षभर अधूनमधून येते आणि तिचे शब्द सहसा बदलत नाहीत. नाल्याकाठी किंवा जंगलालगत पोलिसांचा छापा, हातभट्टी उद्ध्वस्त, प्लास्टिकच्या ड्रममधला मोहफुलांचा सडवा, म्हणजे आंबत घातलेली फुलं, जागीच नष्ट, एकावर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा. सडवा किती किलो होता आणि त्याची किंमत किती, हे आकडे न चुकता दिलेले असतात. चार ओळींत विषय संपतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, लीड्समध्ये किंवा पोर्टलंडमध्ये, असाच सडवा कुणीतरी गॅरेजमधल्या वीस-पंचवीस लिटरच्या बादलीत लावलेला असतो. तिथे मोहफुलांच्या जागी जवाचं माल्ट असतं आणि सोबत हॉप्सची कडू फुलं. शेजारी वही असते, तापमापक असतो, शनिवारी घरी येणारे मित्र असतात. त्याचे क्लब असतात, स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. त्याला होमब्रुइंग म्हणतात आणि बागकाम किंवा फोटोग्राफी जशी छंदांत मोजतात, तसंच तेही मोजतात.

घरी बिअर करण्याच्या या छंदाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची, तर पुण्यापासून सुरुवात करणं सोयीचं आहे. तिथे मायक्रोब्रुअरी आहेत, माल्टचे प्रकार सांगणारे वेटर आहेत. पण तशी सुरुवात केली की एक गैरसमज पक्का होतो: घरी मद्य तयार करणं ही बाहेरून आलेली, पैसेवाल्यांची हौस आहे, असा. पूर्व विदर्भात ते घरकाम होतं. धान कुटणं, तेल काढणं, पत्रावळी लावणं या कामांच्या रांगेतलंच एक. ते गुन्ह्याच्या रकान्यात कसं गेलं, हे समजून घेतल्याशिवाय छंदाच्या गोष्टीला अर्थ येत नाही. म्हणून ही प्रस्तावना भंडाऱ्यातून सुरू होते.

हा जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. बांध्यांच्या धुऱ्यांवर, बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पाळीवर आणि जंगलाच्या कडेला मोहाची झाडं उभी असतात. शेत करताना बाकीची झाडं तोडली गेली तरी मोह राखला गेला, कारण एक मोठं झाड म्हणजे घराला दरवर्षी नक्की मिळणारं उत्पन्न. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव मधुका लाँगिफोलिया, कुळ चिकूचं. मार्च-एप्रिलमध्ये झाड जवळजवळ निष्पर्ण होतं आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि पहाटेपासून त्या मांसल, पिवळट पांढऱ्या पाकळ्या टपटप गळू लागतात. तांबडं फुटायच्या आत बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात, कारण उशीर केला तर गुरं, हरणं आणि जंगलाजवळ अस्वलं आपला वाटा घेऊन जातात. अलीकडे नागझिरा आणि कोका अभयारण्यांच्या भोवतालच्या गावांत वाघाची धास्ती ही वेगळीच.

अंगणात वाळवलेली फुलं आकसून मनुक्यासारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. या विषयातली बहुतेक गुंतागुंत याच एका गोष्टीतून सुटते.

बिअर करणाऱ्याची पहिली अडचण साखरेची असते. धान्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, मग साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे मोडातली एन्झाइमं स्टार्चची साखर करतात. झारखंडच्या हंडिया या तांदळाच्या बिअरमध्ये हेच काम वनस्पतींच्या मुळ्या आणि तांदळाच्या पिठापासून केलेल्या, बुरशी धरलेल्या गोळ्या करतात. जपानच्या साकेत ते कोजी नावाची बुरशी करते. भंडाऱ्यात तांदूळ कोठारं भरून होता, तरी तांदळाची बिअर इथे रुजलेली दिसत नाही. तिची गरज नव्हती, हे त्याचं पटण्यासारखं कारण वाटतं. झाडाखाली तयार साखर पडत होती. मोड आणायला नको, भरडायला नको, तापमान सांभाळायला नको. धान पोटासाठी राहिलं आणि मद्याचं काम मोहाने केलं.

वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालायची. फुलांवर आणि मडक्याच्या सच्छिद्र अंगावर यीस्ट आधीच असतं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवड्याहून जास्त काळाने सडवा तयार होतो: वर फेस येतो, बुडबुडे फुटायचे थांबतात, फुलं खाली बसतात, वास गोडाकडून आंबटाकडे झुकतो. या टप्प्यापर्यंत झालेलं काम आणि लीड्समधल्या बादलीत झालेलं काम यांत जीवशास्त्राच्या दृष्टीने काही फरक नाही. साखरेतून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं ते हेच, की आंबणं ही जिवंत पेशींची करामत आहे आणि बिअर बिघडते तेव्हा भलत्या सूक्ष्मजीवांनी घर बळकावलेलं असतं.

पुढे मात्र वाट वेगळी होते. बिअर तशीच पितात. मोहाचा सडवा चुलीवर चढतो. खाली सडव्याचं मडकं, त्यावर दुसरं भांडं, सगळ्यात वर थंड पाण्याचं पातेलं, सांधे ओल्या मातीने किंवा शेणमातीने लिंपलेले. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. ती वाफ थंड बुडाला लागून पाणी होते आणि आतल्या भांड्यात किंवा बांबूच्या नळीतून बाहेर उतरते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. आच मोठी झाली तर सडवा करपतो आणि दारूला धुरकट वास येतो. आच मंद ठेवणं हीच या कामातली खरी अक्कल, आणि ती बहुधा बाईच्या हातात असे, कारण चूल तिची होती.

गोंड घरांत हे मद्य जन्माला, लग्नाला, मरणाला आणि देवाला लागत असे. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी आणि बडादेवासाठी सांडायचे, ही रीत आजही पाळली जाते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होतात, पाहुणे येतात, रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, नाटकं चालतात. पाहुण्यासाठी घरात काही ठेवलेलं असणं हा आतिथ्याचा भाग होता. हे सगळं गोड रंगात रंगवायचं कारण नाही. पण या व्यवस्थेत किती करायचं याला मर्यादा होती आणि ती फुलांच्या साठ्याने घातलेली होती. साठ्यातला बराच भाग खायलाही लागायचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मोहफुलांनी माणसं जगवली. ज्या फुलावर पावसाळ्याचे महिने काढायचे, ते सगळं कुणी मडक्यात घालत नसे.

इंग्रज सरकारला या झाडात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि घरगुती भट्ट्या बंद करून गाळण्याचं काम मोठ्या ठेकेदारांकडे देण्याचं धोरण आलं. उरणच्या पारशी भट्ट्यांत गुजरातच्या पंचमहालातून आलेली फुलं शिजू लागली आणि मुंबईची तहान भागवू लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले लोक तरीही घरी गाळतात म्हटल्यावर १८९२ मध्ये मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा आला: या दोन जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधन. जे फूल आदिवासी खात होता, ते घरात ठेवायला सरकारची मर्जी लागू लागली. दारूच्या दुष्परिणामांची काळजी भाषणांत होती, पण आटापिटा होता तो ठेकेदाराच्या दारूला घरची दारू स्पर्धा करते म्हणून.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे आधी भट्टीचा लिलाव चाले: एका टापूत गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क बोली लावणाऱ्याला. त्याला आऊटस्टिल म्हणत. नंतर मध्यवर्ती डिस्टिलरी आणि ठरलेली दुकानं आली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात दारू गाळणारा समाज म्हणून कलारांवर मोठं प्रकरण आहे. भंडारा-गोंदियात कलार समाज आज शेती, व्यापार, शिक्षण, राजकारण सगळीकडे आहे आणि भट्टीशी त्याचा संबंध जुन्या पुस्तकापुरता उरला आहे. पण लिलावाच्या काळात घडलं ते असं: आधी घरात होणारी वस्तू दुकानात गेली, आणि दुकानात गेलेली वस्तू रोखीने विकत घ्यावी लागू लागली. रोख नसेल तर उधारीवर. आदिवासीच्या कर्जाची आणि जमीन हातची जाण्याची गोष्ट अनेक ठिकाणी या उधारीपासूनच सुरू होते.

१९१५ मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि काही वर्षांत मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. तोच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. नावाप्रमाणे त्याची मूळ भूमिका बंदीची आहे. जे चालतं ते परवान्याच्या अपवादाने चालतं. पिणाऱ्यालासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो, हे बारमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना ठाऊकही नसतं. घरच्या वापरासाठी बिअर, वाइन किंवा मोहाची दारू करण्याची मोकळीक या कायद्यात सामान्य माणसाला नाही.

आता नकाशा पाहावा. तुमसर तालुक्याच्या उत्तरेला बावनथडी नदी आहे आणि पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. दोन्ही काठांवर तीच गोंड कुळं, त्यांच्यात सोयरिकी, तेच देव, तेच झाड. पलीकडे १९१५ चा तोच जुना कायदा नाव बदलून चालू आहे आणि त्यात आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरासाठी ठराविक मर्यादेपर्यंत मद्य गाळण्याची सूट दिलेली आहे. छत्तीसगडमध्येही तशी सूट आहे. म्हणजे नदीपलीकडच्या सासरी जे मडकं कायदेशीर, तेच अलीकडच्या माहेरी पंचनाम्यात. भंडारा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रातही येत नाही, त्यामुळे मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे किंवा त्यांचं नियमन करण्याचे जे अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने गडचिरोलीतल्या ग्रामसभांना मिळाले, ते साकोली किंवा तुमसरच्या गोंड गावांना मिळालेले नाहीत.

बाहेरच्या जगातही ही मोकळीक आपोआप आलेली नाही. इंग्लंडमध्ये १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढला आणि घरी बिअर करणाऱ्यांना परवाना लावला. तो ८३ वर्षं टिकला. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला आणि होमब्रुइंगचं साहित्य दुकानांत दिसू लागलं. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला वाट मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ चा ऑक्टोबर उजाडला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. त्याच वर्षी होमब्रुअर्सची अमेरिकी संघटना उभी राहिली. तिचे एक संस्थापक चार्ली पापाझियन यांनी १९८४ मध्ये या छंदाचं जे हस्तपुस्तक लिहिलं, ते पिढ्यांनी वापरलं. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांची पुढची लाट बऱ्याच अंशी या गॅरेजांतूनच वर आली. गाळण्याच्या बाबतीत मात्र हे देशही सावध आहेत. घरच्या वापरासाठी गाळायला मोकळीक देणारा ठळक देश न्यूझीलंड, १९९६ पासून.

सगळ्यात उद्बोधक उदाहरण नॉर्वेचं. तिथल्या मध्ययुगीन गुलातिंग कायद्यानुसार नाताळसाठी बिअर न करणाऱ्या शेतकऱ्याला दंड होता. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या दऱ्याखोऱ्यांत काही कुटुंबांनी आपलं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. लाकडी कड्यांवर वाळवून ते ठेवायचं आणि पुढच्या खेपेला भिजवून घालायचं. त्याला क्वाइक म्हणतात. लार्स मारियस गारशोल या संगणक अभियंत्याने ही घरं हिंडून पाककृती आणि नमुने नोंदवले. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं की हे यीस्ट जगातल्या इतर ब्रुइंग यीस्टपासून वेगळं, माणसाने माणसाळवलेलं घराणं आहे. आणि भंडाऱ्याच्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की एल बिअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश लागतात, क्वाइक ३५-४० अंशांतही स्वच्छ काम करतं. शेतकऱ्यांनी घरात जपलेली एक वस्तू आज प्रयोगशाळा पाकिटांत भरून जगभर विकतात.

झाडीपट्टीच्या मडक्यांत कोणती यीस्ट राहतात, याची अशी नोंदवही कुणी ठेवलेली नाही. ठेवायची कशी? नमुना द्यायचा म्हणजे गुन्ह्याची कबुली द्यायची.

इथे दुसरी बाजूही पुऱ्या वजनाने मांडायला हवी, कारण दारूवर रसिकतेने लिहिणाऱ्यांची ती सवयीने राहून जाते. विदर्भातल्या खेड्यांत दारूविरुद्ध उभ्या राहिल्या त्या बायका, आणि त्यांचा राग पुस्तकी नव्हता. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद, असा नियम राज्यात आहे आणि त्या मतदानाच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांना मोहाच्या सांस्कृतिक वारशाबद्दल व्याख्यान देण्याची हिंमत कुणी करू नये. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या या भागात व्यसनाविरुद्धचा सूर जुना आणि आतून आलेला आहे.

पण त्या बायका ज्या दारूविरुद्ध लढतात, ती घरच्या मडक्यातली उरलेली नाही. हातभट्टी ही घरच्या भट्टीची वंशज खरी, तरी तिचा स्वभाव कायद्याने घडवला. पकडलं जाण्याआधी माल निघाला पाहिजे म्हणून घाई. घाई म्हणून सडलेला गूळ आणि नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला नायट्रोजन लागतो, तो पुरवून आंबणं रेटायचं हा त्यामागचा हिशेब. परदेशी होमब्रुअरही यीस्टसाठी पोषण घालतात, पण खाद्यदर्जाचं, वजन करून, ग्रॅममध्ये. मातीचं मडकं नाल्यात लपवता येत नाही म्हणून रसायनांचे जुने प्लास्टिक ड्रम. पहिली धार बाजूला काढली तर माल कमी भरतो, म्हणून ती मिसळायची. उलट 'पहिल्या धारेची' ही कडकपणाची जाहिरात झाली. गाळणारी बाई स्वतः पिणार, तिचा सासरा पिणार, पाहुणे पिणार, तेव्हा जी काळजी होती, ती अनोळखी गिऱ्हाइकासाठी कुणी का घ्यावी? आणि या साखळीच्या शेवटी असते ती निव्वळ विषाची बाटली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती फुलांच्या सडव्याने नव्हे, कारखान्यातल्या मिथेनॉलने. बंदीने कारागीर गेला आणि धंदेवाईक उरला, हे या लेखकाचं मत आहे. त्याच्याशी मतभेद असायला भरपूर जागा आहे.

दरम्यान वरच्या मजल्यावर मोहाचे दिवस पालटत आहेत. उद्योजक डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये गोव्यात मोहाचं बाटलीबंद मद्य बाजारात आणलं. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स' या नावाने मोहाचं मद्य काढलं. ते महागड्या बारमधून फिरतं. मध्य प्रदेश सरकारने २०२१ मध्ये मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' दर्जा देण्याची घोषणा केली आणि अलीराजपूर व डिंडोरीत बचत गटांतून 'मोंड' आणि 'मोहुलो' ही नावं आली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये काजूबोंडं, मोहफुलं यांपासूनच्या मद्याला 'देशी' वर्गातून काढून 'विदेशी' मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. साकोलीच्या धुऱ्यावरचं फूल 'विदेशी' ठरलं, ही सरकारी विनोदबुद्धी दाद देण्यासारखी आहे. फूल मोकळं झालं, बाटलीला प्रतिष्ठा मिळाली. मधला माणूस, म्हणजे घरी गाळणारा, होता तिथेच आहे.

मराठी मुलखात घरच्या मद्याची परंपरा फक्त आदिवासींची नाही. वसई-मुंबई पट्ट्यातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मोहाची दारू मसाल्यांसोबत उकळून 'खिमाड' करतात आणि लग्नघरात ते गरम गरम देतात. नाताळच्या आसपास द्राक्षांची, आल्याची वाइन घराघरांत बरण्यांत मुरत असते. ती वाइन कुणी पकडायला जात नाही. हातभट्टीवरचा छापा आणि बरणीकडे केलेली डोळेझाक यांत कायद्याच्या शब्दांपेक्षा पत्त्याला जास्त महत्त्व आहे.

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली'ने मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि ताजी, फिल्टर न केलेली, गव्हाची ढगाळ बिअर मराठी शहरी जिभेला कळू लागली. पण या प्रस्तावनेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट 'मूनशाइन मीडरी'ची. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोन मित्रांनी मध आंबवून केलेलं मीड पुण्यात तयार करायचं ठरवलं. छोट्या प्रयोगांतून पद्धत बसवली आणि परवाना मागायला गेले, तर अबकारीच्या कागदांत मीड नावाचा पदार्थच नव्हता. अखेर वाइनच्या चौकटीत त्याची सोय लावली गेली. भारतातली पहिली मीडरी म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. हे शक्य झालं ते शिकलेल्या, चिकाटीच्या, कागद हाताळता येणाऱ्या माणसांमुळे, हे उघड आहे. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: रकाना नसेल तर सरकार रकाना शोधू शकतं.

म्हणून होमब्रुइंग शिकू पाहणाऱ्या विदर्भातल्या वाचकासाठी हा विषय कुठून धरावा, याबद्दल दोन शब्द. पहिलं म्हणजे आंबवणं आणि गाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. जगातल्या बहुतेक छंदिष्टांचं काम पहिल्यावर थांबतं. आंबवण्यात आगीचा, स्फोटक वाफेचा आणि साठलेल्या मिथेनॉलचा धोका नसतो. फार तर बिअर आंबट होते आणि ओतून द्यावी लागते, किंवा घाईने भरलेली बाटली फुटते. मोहाच्या संदर्भातही बिअरच्या जवळचा पदार्थ म्हणजे भट्टीवर न चढवलेला, वस्त्रगाळ करून नितळ केलेला, कमी अल्कोहोलचा सडवा: मोहाची वाइनच म्हणा. तिचा वास ज्यांना उग्र वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्या वासाचा बराच भाग फुलं जमिनीवरून माती-पाल्यासकट उचलण्यातून आणि दमट जागी साठवण्यातून येतो. झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलली तर माल स्वच्छ मिळतो आणि फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला पेटवण्याची, त्यातून जंगलाला वणवा लागण्याची वेळही येत नाही.

दुसरं, हवामान. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या भंडाऱ्यात पुस्तकातली जर्मन लागर करायची तर फ्रिज अडवून बसावं लागेल. इथल्या हवेला उष्णतेत रमणारं यीस्ट हवं, किंवा मोसम तरी निवडायला हवा: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० ते १५ अंशांवर उतरतात, तेव्हा मडक्याभोवती ओलं पोतं गुंडाळण्याचीही गरज नसते. जुन्या घरांत सडवा घराच्या सावलीच्या, मातीच्या कोपऱ्यात ठेवत, त्यामागे हेच शहाणपण होतं. तिसरं, स्वच्छता. होमब्रुअर गमतीने म्हणतात की त्यांच्या छंदाचा नव्वद टक्के वेळ भांडी धुण्यात जातो. रसायनाचा ड्रम आणि धुतलेलं, उन्हात तापवलेलं मडकं यांतला फरक पाश्चरच्या आधी गावातल्या बायकांना माहीत होता.

आणि चौथी गोष्ट कायद्याची, जी वगळून चालणार नाही. पुढे येणारी माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि तापमानाची माहिती वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाने हे जाणून असावं की परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा या राज्यात गुन्हा आहे, प्रमाण कितीही कमी असो आणि हेतू कितीही निरागस असो. ब्रुअरी, मायक्रोब्रुअरी, वाइनरी, डिस्टिलरी यांचे परवाने आहेत. त्यांचं शुल्क, जागा आणि यंत्रसामग्री उद्योगाच्या मापाची आहे. मध्य प्रदेशातली सूट आदिवासी कुटुंबापुरती, अमेरिकेतली कोणत्याही प्रौढापुरती. दोन्हींत अटी त्याच: विकायचं नाही आणि मोजमाप ठरलेलं. एखाद्या घराला वर्षाला पन्नास-शंभर लिटर मोहाची न गाळलेली वाइन करू देणारा, ग्रामसभेकडे नोंद असलेला आणि विक्रीला साफ मनाई करणारा परवाना महाराष्ट्राच्या नियमांत आज नाही. तसा मागितला तर सगळ्यात आधी हरकत कोण घेईल, दारूबंदीसाठी मत देणाऱ्या बायका, देशी दारूचा ठेकेदार की उत्पादन शुल्क विभाग, हे मात्र तुमसरच्या एखाद्या गावात जाहीर सभा घेऊनच कळेल.